मेपल सिरपच्या धंद्याला सरकार नक्की काय देतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रॅम्प्टनला राहणारं कुटुंब, मूळ सांगलीकडचं, दोघंही आयटीत नोकरीला. ऑन्टारिओच्या लॅनार्क काउंटीत ६० एकर जागा बघून आलेत, त्यातल्या १५ एकरांत मेपलची झाडं आहेत, हजारभर टॅप (रस काढायला झाडाला भोक पाडून बसवायची तोटी) लावायचा विचार आहे. "सरकार मेपलवाल्यांना ५०% सबसिडी देतं असं ऐकलंय, खरं का? आणि मित्र म्हणतो ऑन्टारिओत कशाला घेता, क्वेबेकमध्ये घ्या, तिकडे सगळा माल सरकारच हमीभावाने उचलतं."

मी पूर्व ऑन्टारिओत शेतीवाल्यांचे हिशेब, टॅक्स आणि अनुदानाचे अर्ज ही कामं करतो, नदीपलीकडची क्वेबेकची पण काही गिऱ्हाइकं आहेत. सिरप कसं उकळायचं ते मला विचारू नका, त्यात माझ्यापेक्षा तुमच्या शेजारचा मेनोनाइट (जुन्या पद्धतीने शेती करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा) म्हातारा जास्त हुशार निघेल, पण कागदाचं मला विचारा.

तुमचा खरा प्रश्न सबसिडी आहे की नाही हा नाहीचे. खरा प्रश्न हा की जागेचं कर्ज काढताना तुम्ही जो एक्सेल मांडलाय (मांडलाच असणार, आयटीवाले आहात) त्यात सरकारी पैशाची एक ओळ धरायची का. माझं उत्तर नाही, धरू नका. पैसे मिळतात, पण ज्या रूपात तुम्हाला वाटतंय त्या रूपात फार कमी, आणि सुरुवातीच्या दोनतीन वर्षांत तर जवळपास नाहीच. सरकारचा आधार या धंद्याला मुख्यतः कायदा, टॅक्सची सवलत, विमा आणि कर्जाची हमी यातून येतो, रोख अनुदान हा त्यातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात बेभरवशाचा भाग आहे.

आधी मित्राचं बघू, कारण हा गैरसमज आपल्या लोकांत फार पसरलाय. क्वेबेकमध्ये सरकार सिरपचा एक थेंब विकत घेत नाही. जे आहे ती उत्पादकांची स्वतःची संघटना, १९६६ ची, सगळे तिला पीपीएक्यू म्हणतात. १९९० मध्ये तिला मार्केटिंगच्या कायद्याखाली अधिकार मिळाले, २००० साली साठा करायला सुरुवात झाली, मग ठोक माल एकाच खिडकीतून विकायचा नियम आला आणि २००४ पासून कोटा, म्हणजे कुणी किती माल काढून विकायचा याची मर्यादा. सरकारने काय दिलं तर हे सगळं सक्तीचं करायची ताकद, आणि वर लक्ष ठेवायला रेजी नावाचं नियामक मंडळ. पैसा उत्पादकांचाच, दर पौंडामागे वर्गणी कापून घेतात त्यातून कारभार चालतो. आपल्याकडच्या लोकांना पटकन कापूस एकाधिकार खरेदी आठवते, १९७२ ची, पण तिथे सरकारने भाव बांधून माल घेतला आणि तोटा राज्याच्या तिजोरीवर पडला, शिवाय कुणी किती कापूस पिकवायचा याला काही मर्यादा नव्हती. इथे उलटं आहे, किती पिकवायचं त्यालाच कुलूप आहे आणि माल पडून राहिला तर थांबायचं उत्पादकाने.

प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो म्हणजे लक्षात येईल. सीझन संपला की उत्पादकाची मोठी बॅरलं जातात, प्रत्येक बॅरल उघडून तपासतात, नमुना काढून रंगाचा ग्रेड ठरतो, साखर ६६ ब्रिक्सच्या (म्हणजे साधारण ६६ टक्क्यांच्या) खाली नाही ना बघतात आणि कुणीतरी खरंच चाखून बघतो. सीझनच्या शेवटी झाडाला कळ्या फुटायला लागल्या की सिरपला एक विचित्र वास येतो, तो आला की भाव कापला. मग जे पॅकर कंपन्यांनी उचललं त्याचे पैसे येतात, जे नाही उचललं ते साठ्याच्या गोदामात, आणि त्याचे पैसे ते विकलं जाईल तेव्हा. हमीभाव म्हणता येईल असा ठरलेला दर आहे, पण हमीची तारीख नाही. बँकेचा हप्ता मात्र तारखेलाच येतो, हे विसरू नका.

साठ्याचा उपयोग मात्र खरा आहे, ते कबूल करायला पाहिजे. हे पीक पूर्णपणे हवामानावर आहे, रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर असे काही आठवडे मिळाले तरच रस वाहतो. २०२१ ला क्वेबेकमध्ये १३.३ कोटी पौंड सिरप झालं, मागणी तर करोनात लोक घरी बसून पॅनकेक खात होते म्हणून वाढलेली, तेव्हा साठ्यातून सुमारे ५ कोटी पौंड बाहेर काढलं आणि बाजार सांभाळला. पुढच्या वर्षी २१.१ कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी घसरून १२.४ कोटी, आणि २०२४ ला २३.९ कोटी. असा झोका असलेल्या मालाला साठा नसता तर भाव कुठच्या कुठे गेला असता. (हाच तो साठा ज्यातून २०११-१२ मध्ये जवळजवळ ३००० टन सिरप चोरीला गेलं, बॅरलांत पाणी भरून ठेवलेलं. मोजणीला आलेला इन्स्पेक्टर बॅरलांच्या राशीवर चढला तेव्हा एक रिकामं बॅरल डगमगलं आणि प्रकरण फुटलं. १.८ कोटी डॉलरच्या आसपासचा माल.)

पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं काय? कोट्याशिवाय तुम्ही क्वेबेकमध्ये ठोक सिरप विकू शकत नाही. ५ लिटरच्या आतल्या डब्या-बाटल्यांत थेट गिऱ्हाइकाला विकायची मोकळीक आहे, बॅरलं नाही. नवीन कोटा सरसकट मिळत नाही, अधूनमधून टॅपांची खेप सुटते, २०१६ ला ५० लाख, २०२१ ला ७० लाख, आणि तेव्हा अर्ज करायचा. नाहीतर कोट्यासकट जागा विकत घ्यायची, मग त्या कोट्याची किंमत जागेच्या भावात आधीच बसलेली असते, म्हणजे व्यवस्थेचा फायदा तुम्ही विकणाऱ्याला एकरकमी देऊन बसलेले असता. हे सगळ्यांना मान्य आहे असंही नाही, कित्येक उत्पादक कोट्याविरुद्ध भांडले, बॅरलं गुपचूप न्यू ब्रन्सविकला नेऊन विकली, कोर्टकज्जे सुप्रीम कोर्टाच्या दारापर्यंत गेले. २०१६ मध्ये खुद्द प्रांताच्या सरकारने मागवलेल्या गान्ये अहवालानेही कोट्यावर बरीच टीका केली होती. पद्धत तरी टिकून आहे.

आणि मित्राला हे माहीत नसणार: क्वेबेकमध्ये न राहणाऱ्या माणसाला तिथली ४ हेक्टर किंवा जास्त शेतजमीन घ्यायला शेतजमीन संरक्षण कमिशनची परवानगी लागते. तुम्ही ब्रॅम्प्टनला बसून घेणार असाल तर गाडी इथेच अडते. शिवाय अर्ज, नियम, फोनवरची माणसं, सगळं फ्रेंच. मुलं शाळेत शिकतायत म्हणून चालत नाही, तुम्हाला स्वतःला वाचता आलं पाहिजे.

म्हणून ऑन्टारिओ. इथे मेपलला कोटा नाही, सक्तीची खिडकी नाही, कितीही काढा आणि कुणालाही विका. अर्थात मग भाव पण तुमचा तुम्ही बघायचा.

इथला सगळ्यात पक्का सरकारी फायदा प्रॉपर्टी टॅक्समध्ये आहे आणि त्याकडे लोक दुर्लक्ष करतात कारण चेक येत नाही, बिल कमी येतं. जागा फार्म प्रॉपर्टी क्लासमध्ये बसली तर शेतीच्या भागावर टॅक्सचा दर राहत्या घराच्या दराच्या जास्तीत जास्त २५%. पण त्यासाठी शेतीचं वर्षाचं ढोबळ उत्पन्न ७००० डॉलर दाखवावं लागतं, तेही टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेलं, फार्म बिझनेस रजिस्ट्रेशनचा नंबर लागतो, आणि मालकीत निदान ५१% कॅनडाचे नागरिक किंवा पीआर (कायमचे रहिवासी) असावे लागतात. नवीन सुरू करणाऱ्याला उत्पन्नाच्या अटीतून सूट मागता येते, पण ती मागावी लागते, आपोआप कुणी देत नाही.

७००० म्हणजे किती झाडं? साधा हिशेब: एका टॅपमागे सीझनला साधारण १ लिटर सिरप धरा, व्हॅक्यूम (नळ्यांतून रस ओढणारा पंप) लावला तर जास्त. किरकोळीत लिटरला समजा २५ डॉलर. म्हणजे २८० लिटर, तेवढेच टॅप, आणि त्यासाठी ४० ला १ या हिशेबाने ११ हजार लिटरच्या वर रस गोळा करून उकळायचा. तुम्ही हजार टॅप म्हणताय म्हणजे कागदावर तुम्ही आरामात बसता. पण ठोक विकलं तर भाव किरकोळीच्या अर्ध्याहून खाली येऊ शकतो, आणि पहिल्या वर्षी हजार टॅप लागतच नाहीत, नळ्या टाकण्यातच हिवाळा जातो.

उरलेल्या जंगलाचं काय? त्यासाठी वेगळी योजना आहे, मॅनेज्ड फॉरेस्ट टॅक्स इन्सेंटिव्ह. ४ हेक्टरांच्या वर जंगल पाहिजे, १० वर्षांचा व्यवस्थापन आराखडा मान्यताप्राप्त माणसाकडून मंजूर करून घ्यायचा, मग त्या भागालाही २५% दर. ६० एकरांपैकी १५ मेपल आणि बाकी मिश्र जंगल असेल तर माझ्या मते तुमच्यासाठी ही योजना कुठल्याही ग्रँटपेक्षा मोलाची आहे, कारण ती दरवर्षी मिळते.

आता त्या ५०% वर येतो. हा आकडा हवेतला नाही. केंद्र आणि प्रांत मिळून २०२३ ते २०२८ या काळासाठी शेतीचा ३५० कोटी डॉलरचा एक करार चालू आहे, सस्टेनेबल कॅप म्हणतात, आणि त्याखाली प्रांत वेगवेगळ्या खर्चवाटणीच्या योजना काढतात, काहींत खर्चाचा निम्मा भाग परत मिळतो, काहींत कमी, काहींत जास्त. मेपलसाठी अशी वेगळी खिडकी नसते, तुमचा खर्च त्या वर्षीच्या विषयात बसवावा लागतो: ऊर्जा बचत, अन्नसुरक्षा, प्रक्रिया, पर्यावरण, काय असेल ते. योजना उघडते, पैसे संपले की बंद होते. आज मी जी सांगेन ती तुमची रजिस्ट्री होईपर्यंत असेलच असं नाही, म्हणून नावं देत बसत नाही.

दोन गोष्टी मात्र कधी बदलत नाहीत. एक, पैसे आधी तुम्ही खर्च करायचे, मग बिलं लावून परत मागायचे. दोन, मंजुरीच्या आधीचा खर्च बाद. गेल्या काही वर्षांत माझ्याकडच्या फाइलींत सगळ्यात जास्त नुकसान याच एका गोष्टीने झालंय. एक गिऱ्हाईक, चांगला अनुभवी माणूस, मे महिन्यात डीलरकडे आरओ मशीन सेलमध्ये दिसलं (रसातलं पाणी आधीच काढून टाकतं म्हणजे जळण खूप वाचतं, ऊर्जा बचतीत अगदी फिट्ट बसणारी वस्तू) म्हणून डिपॉझिट भरून आला. मंजुरीचं पत्र आलं जुलैत. त्याचं म्हणणं मशीन तर ऑगस्टमध्ये आलं, बिल ऑगस्टचं आहे. तपासणाऱ्याने बिल उलटून पाहिलं, खाली बारीक अक्षरात "डिपॉझिट मिळाले, मे" अशी ओळ, झालं, पूर्ण मशीन बाद. सेलमध्ये वाचले त्याच्या कितीतरी पट गेले.

आणि अर्ज करायच्या आधीच बऱ्याच गोष्टी हातात लागतात. फार्म रजिस्ट्रेशन नंबर, जागेचा प्रिमायसेस आयडी, पुष्कळदा एन्व्हायर्नमेंटल फार्म प्लॅन (शेताचा पर्यावरण आराखडा), त्याची कार्यशाळा करावी लागते. नुकती जागा घेतलेल्या माणसाकडे यातलं काही नसतं. म्हणून म्हटलं, पहिली दोनतीन वर्षं ग्रँटची आशा धरू नका, त्या काळात कागद तयार करा.

तुम्हाला लगेच लागू होणारा सरकारी पैसा एका वेगळ्या ठिकाणी आहे, एचएसटी, म्हणजे इथला विक्रीवरचा टॅक्स, आपल्या जीएसटीसारखा. सिरप हे किराणा मालात मोडतं, त्यावर शून्य दर. म्हणजे विकताना गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायचा नाही, पण तुम्ही नोंदणी केलेली असेल तर इव्हॅपोरेटर (रस उकळायची भट्टी), पंप, टाक्या, नळ्या यांवर भरलेला १३% परत मागता येतो. ४० हजारांच्या सामानावर ५२०० डॉलर. छोटे उत्पादक उलाढाल कमी म्हणून नोंदणीच करत नाहीत आणि हे पैसे सोडून देतात, मला तर याचं आश्चर्यच वाटतं.

याच्या उलट बाजूला एक खड्डा आहे. नोकरीवाले लोक म्हणतात की पहिली वर्षं शेतीत तोटा दाखवू आणि पगाराचा टॅक्स वाचवू. शेती तुमचं मुख्य उत्पन्न नसेल तर पगारातून वजा करता येणारा शेतीचा तोटा वर्षाला जास्तीत जास्त १७,५०० डॉलर, उरलेला पुढे शेतीच्याच नफ्यासाठी राखून ठेवायचा. आणि विक्रीचा खरा इरादाच दिसत नसेल, नुसतं वीकेंडला जाऊन मित्रांना बाटल्या वाटताय, तर तो छंद ठरतो आणि काहीच वजा होत नाही. तुमच्या एक्सेलमध्ये ही ओळ बहुतेक चुकीची आहे, तपासा.

विमा आणि बाकी योजनांचं पटकन सांगतो. क्वेबेकमध्ये सिरपचा पीकविमा आहे, पीकविम्याच्या हप्त्याची वाटणी अशी असते की उत्पादक ४०%, केंद्र ३६%, प्रांत २४%, मला विचाराल तर तिथल्या उत्पादकाला सरकारचा हाच सगळ्यात सरळ रोख आधार आहे. कॅनडाभर अॅग्रीस्टॅबिलिटी आहे, तुमचं मार्जिन (उत्पन्न वजा खर्च) आधीच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा ३०% हून जास्त घसरलं तर त्याखालच्या घसरणीचा मोठा भाग मिळतो, पण त्याला आधीच्या वर्षांचे आकडे लागतात, नवख्याला अंदाजावर काढून देतात आणि त्यात वाद होतो. अॅग्रीइन्व्हेस्टमध्ये विक्रीच्या १% एवढी रक्कम तुम्ही ठेवली की सरकार तेवढीच घालतं, म्हणजे ५० हजारांच्या विक्रीला ५०० डॉलर. घ्यावेत, पण त्याच्यावर जागा घेऊ नये. मोठी आपत्ती आली तर सरकार वेगळे पैसे काढतं, जानेवारी १९९८ च्या बर्फाच्या वादळात पूर्व ऑन्टारिओ आणि दक्षिण क्वेबेकची मेपलची जंगलं मोडून पडली तेव्हा मदत दिली होती. पण मोडलेल्या झाडाच्या जागी नवं झाड टॅप लावण्याएवढं व्हायला ४० वर्षं लागतात, त्याची भरपाई कुठली योजना करणार.

कर्जाचं म्हणाल तर बँकेत जाऊन कॅनेडियन अॅग्रिकल्चरल लोन्स अॅक्टचं विचारा. कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानीतला ९५% भाग केंद्र सरकार उचलतं, म्हणून बँक नव्या शेतकऱ्यालाही उभं करते. जमिनीसाठी मर्यादा ५ लाख डॉलर. हे तुमच्यासाठी खरंच उपयोगी आहे, आणि गंमत म्हणजे याला कुणी सबसिडी म्हणत नाही.

खाली एकाने न्यू जर्सीहून विचारलंय की अमेरिकेत कसं, तर तिकडचं माझं काम नाही, एवढंच सांगतो की फेडरल खात्याचा मेपलसाठी म्हणून जो एसर नावाचा कार्यक्रम आहे त्याचे पैसे राज्यांना, विद्यापीठांना, जमातींच्या सरकारांना संशोधन आणि प्रचारासाठी जातात, एकट्या उत्पादकाच्या खिशात नाही. व्हरमाँटमध्ये जागा घेणार असाल तर करंट यूजची प्रॉपर्टी टॅक्स योजना बघा, जंगलाला निदान २५ एकर लागतात. म्हणजे तिकडेही शेवटी टॅक्सच.

आतापर्यंतचं एका दमात: क्वेबेक तुमच्यासाठी नाही, ऑन्टारिओत प्रॉपर्टी टॅक्स आणि एचएसटी हे धरायचे पैसे, कर्जाची हमी वापरायची, ग्रँट मिळाली तर बोनस.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. तुम्ही तिथे राहायला जाणार की वीकेंडला येणार, यावर घराचा भाग, शेतीचा भाग आणि छंद की धंदा हे सगळं बदलतं. १५ एकरांत खरंच हजार टॅप बसतात का, तर चांगल्या जंगलात एकरी ४० ते ८० बसतात, म्हणजे बसू शकतील, पण ती झाडं शुगर मेपल आहेत की रेड मेपल, किती जाडीची, जुन्या टॅपांनी किती पोखरलेली, हे विकणाऱ्याच्या दलालाने सांगितलेलं धरू नका, एखादा फॉरेस्टर (जंगलाचा जाणकार) फी देऊन फिरवून आणा. मॅनेज्ड फॉरेस्टच्या आराखड्याला तसाही माणूस लागणारच आहे, एकाच फेरीत दोन्ही कामं होतात.

ऑफर घालायच्या आधी विकणाऱ्याकडे दोन गोष्टी मागा. त्याची मागची तीन वर्षांची टी२०४२, म्हणजे शेतीच्या उत्पन्नाचा टॅक्सचा फॉर्म. "आम्ही दरवर्षी एवढं सिरप काढतो" असं तोंडी कुणीही सांगतं, फॉर्मवर विक्री दाखवलेली नसेल तर एकतर सिरप निघत नाही किंवा रोखीत गेलंय, दोन्हींत तुम्हाला धडा आहे. दुसरी, प्रॉपर्टी टॅक्सचं शेवटचं बिल, त्यावर जागा कुठल्या क्लासमध्ये आहे ते लिहिलेलं असतं. जागा आधीच फार्म क्लासमध्ये असेल तर मालक बदलल्यावर ती तशीच राहत नाही, तुम्हाला नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तो राहिला तर पुढचं बिल घराच्या दराने येतं. वकिलाला हे आधीच सांगून ठेवा, क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) गडबडीत तो विचारणार नाही. हे दोन कागद हातात आले की नावं-पत्ते झाकून इथे टाका, मग आकडे मांडून बघू.